एमआरआयमधला ब्रेन ट्यूमर शोधणारं मॉडेल: पहिल्या फाइलपासून स्कॅन सेंटरच्या सीडीपर्यंत

नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची यादी बघितली की 'ब्रेन ट्यूमर डिटेक्शन' हा विषय हमखास सापडतो. रिपोर्टमध्ये अचूकता ९८ किंवा ९९ टक्के छापलेली असते. त्याच मॉडेलला मुंबई नाक्यावरच्या एखाद्या स्कॅन सेंटरची खरी सीडी दिली की त्याचा पार गोंधळ उडतो. कोडमध्ये बहुतेक वेळा काहीच चुकलेलं नसतं. चूक झालेली असते डेटा निवडताना, वाटताना आणि मोजताना. म्हणून या लेखात नेटवर्कला कमी जागा आहे आणि त्याच्या आधीच्या नि नंतरच्या कामाला जास्त.

डेटा कुठला घ्यायचा, कुठला टाळायचा

कॅगल या डेटा आणि कोडच्या वेबसाइटवर ७०२३ चित्रांचा एक संच फार चालतो. त्यात ग्लायोमा (मेंदूतल्या आधारपेशींची गाठ), मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची), पिट्यूटरी (त्या ग्रंथीची) आणि 'ट्यूमर नाही' असे चार वर्ग आहेत. वापरायला सोपा, आणि तिथेच फसगत. हा संच तीन वेगवेगळे संच एकत्र करून बनवलाय आणि 'ट्यूमर नाही' हा वर्ग त्यांतल्या एकाच, वेगळ्या संचातून आलाय. मॉडेलला गाठ बघायची गरजच पडत नाही. चित्राची कड, काळ्या जागेची रुंदी, कॉम्प्रेशनचे ठसे एवढ्यावरून चित्र कुठल्या संचातलं ते त्याला कळतं आणि उत्तर बरोबर येतं.

त्यातला मोठा भाग फिगशेअरवरच्या जुन्या संचाचा आहे: २३३ रुग्णांच्या ३०६४ स्लाइस (मेंदूचे सपाट काप), म्हणजे एका रुग्णाच्या सरासरी १३. त्या सरमिसळ करून ८०–२० वाटल्या की एकाच माणसाच्या एकाच गाठीच्या शेजारशेजारच्या स्लाइस ट्रेनिंगमध्येही जातात आणि टेस्टमध्येही. एका घडातले निम्मे मणी चाखायचे आणि त्याच घडातले उरलेले गोड आहेत हे 'ओळखून' दाखवायचं, तसा हा प्रकार. बाग ओळखता येते की नाही हे कळायचं तर घड दुसऱ्या वेलीचा हवा. मूळ फिगशेअर संचात प्रत्येक फाइलमध्ये रुग्णाचा क्रमांक आणि गाठीचा मास्क (गाठ नेमकी कुठे ते रंगवलेला नकाशा) दोन्ही आहेत. तो वापरायचाच असेल तर मूळ फाइल घ्या, जेपीजी केलेली नक्कल नको. हेही ध्यानात ठेवा की त्यातल्या प्रत्येक स्लाइसमध्ये गाठ आहे. 'गाठ नाही' हे त्या संचातून शिकता येत नाही.

आमची शिफारस ब्रॅट्स २०२० ची आहे. ब्रॅट्स ही ब्रेन ट्यूमर सेगमेंटेशनची, म्हणजे स्कॅनमध्ये गाठ रंगवून वेगळी दाखवण्याची, स्पर्धा आणि तिचा डेटा. ट्रेनिंगसाठी ३६९ रुग्ण: २९३ हाय ग्रेड (वेगाने वाढणारे) आणि ७६ लो ग्रेड (सावकाश वाढणारे) ग्लायोमा. प्रत्येकाचे चार एमआरआय क्रम मिळतात: टी१, कॉन्ट्रास्ट दिल्यानंतरचा टी१, टी२ आणि फ्लेअर. सोबत तज्ज्ञांनी तपासलेला मास्क असतो. प्रत्येक घन, म्हणजे एका क्रमाचं पूर्ण त्रिमितीय चित्र, २४० × २४० × १५५ व्हॉक्सेलचा (त्रिमितीय पिक्सेलचा), आणि एक व्हॉक्सेल म्हणजे एक घन मिलिमीटर. कवटी आधीच काढलेली, चारही क्रम एकमेकांवर बसवलेले. गाठीच्या वर-खालच्या स्लाइसमध्ये त्याच मेंदूचा त्याच मशीनवरचा गाठ नसलेला भाग असतो, त्यामुळे वर सांगितलेली पळवाट मॉडेलला मिळत नाही.

फाइल उघडल्यावर आधी हे तपासा

कॅगलवरच्या प्रतीत ३५५ क्रमांकाच्या रुग्णाच्या मास्कचं नाव चुकलेलं आहे. बाकी सगळ्यांच्या मास्कचं नाव रुग्णक्रमांक आणि शेवटी 'सेग' असं असतं. याच्या फाइलचं नाव मात्र 'डब्ल्यू३९' ने सुरू होतं आणि त्यात १९९८ ची तारीख आहे. लूप ३५४ रुग्णांपर्यंत सुरळीत चालतो आणि मग फाइल सापडत नाही म्हणून कोसळतो. फोल्डरमध्ये जाऊन नाव बदला, रुग्ण वगळू नका.

दुसरी गोष्ट लेबलांची. मास्कमध्ये ०, १, २ आणि ४ हे आकडे आहेत, ३ नाही. १ म्हणजे गाठीचा मेलेला गाभा, २ म्हणजे भोवतीची सूज, ४ म्हणजे कॉन्ट्रास्टने उजळणारा भाग. चार वर्गांचं नेटवर्क करून ४ तसाच ठेवला तर जीपीयूवर 'डिव्हाइस-साइड असर्ट' अशी एक गूढ त्रुटी येते आणि खरं कारण शोधण्यात संध्याकाळ जाते. सुरुवातीलाच ४ चा ३ करून घ्या आणि निकाल लिहिताना परत ४ करा.

तिसरी, दिशा. निबाबेल या पायथन लायब्ररीने उघडलं तर अक्ष क्ष-य-झ क्रमाने येतात, सिंपल-आयटीके या दुसरीने उघडलं तर झ-य-क्ष. चित्र एकाने आणि मास्क दुसऱ्याने वाचला तर दोन्ही आडवे-उभे होतात, प्रोग्राम तक्रार करत नाही आणि मॉडेल काही शिकत नाही. दहा रुग्ण घ्या, फ्लेअरवर मास्क अर्धपारदर्शक लाल रंगात टाका आणि डोळ्यांनी बघा. सूज फ्लेअरवर पांढुरकी दिसते, लाल रंग तिच्यावर नेमका बसला पाहिजे. या कामाला अर्धा तास लागतो. तो वाचवू नका.

रुग्णनिहाय वाटणी

३६९ रुग्णांचे २५८, ५५ आणि ५६ असे तीन गट करा: ट्रेनिंग, व्हॅलिडेशन, टेस्ट. हाय आणि लो ग्रेडचं प्रमाण तिन्ही गटांत सारखं राहू द्या. ग्रेड सोबतच्या नेम-मॅपिंग फाइलमध्ये दिलेली आहे. वाटणी रुग्णक्रमांकावर करायची, स्लाइसवर नाही, आणि स्लाइस काढण्याच्या आधी करायची. यादी सीएसव्हीत साठवा. दर वेळी नव्याने वाटली तर गेल्या आठवड्यातलं मॉडेल आणि आजचं मॉडेल यांची तुलनाच होत नाही.

ब्रॅट्सची वेगवेगळ्या वर्षांची आवृत्ती जोडून डेटा 'वाढवायचा' मोह होतो. २०१८, २०१९ आणि २०२० मध्ये बरेच रुग्ण तेच आहेत, फक्त क्रमांक बदललेत. कोण कोण आहे ते त्याच नेम-मॅपिंग फाइलमध्ये कळतं. टीसीआयए या संग्रहातले काही ग्लायोमा संच वेगळे वाटतात, पण त्यांतलेही रुग्ण ब्रॅट्समध्ये आलेले आहेत. 'बाहेरच्या डेटावर तपासलं' असं लिहिण्याआधी ही खात्री करा.

उजळपणा सारखा करणं आणि स्लाइस काढणं

सीटीत पाणी ० आणि हवा उणे १००० हाउन्सफील्ड, मशीन कुठलंही असो. एमआरआयला असं ठरलेलं एकक नाही. तीच पेशी एका मशीनवर ३०० दाखवेल, दुसऱ्यावर १५००. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या प्रत्येक क्रमासाठी असं करा: फक्त मेंदूतले, म्हणजे शून्य नसलेले व्हॉक्सेल घ्या. त्यांच्या ०.५ आणि ९९.५ पर्सेंटाइलच्या बाहेरच्या किमती त्या सीमेवर कापा. मग सरासरी वजा करून प्रमाणित विचलनाने भागा. बाहेरची काळी जागा शून्यच राहू द्या.

हे पूर्ण घनावर करायचं, एकेका स्लाइसवर नाही. स्लाइसवर केलं तर मोठ्या गाठीची स्लाइस स्वतःचाच उजळपणा दाबून टाकते आणि टोकाच्या जवळजवळ रिकाम्या स्लाइसमधला नॉइज फुगून गाठीएवढा दिसायला लागतो. सगळे २५५ ने भागून मोकळे होणं ही तर सर्रास चूक. एमआरआयच्या किमती २५५ पर्यंत थांबत नाहीत.

आता जागेचा हिशोब. एका घनात ८९ लाख २८ हजार व्हॉक्सेल, फ्लोट ३२ मध्ये (एका संख्येला ४ बाइट) सुमारे ३६ एमबी. चार क्रम म्हणजे एका रुग्णाला १४३ एमबी, सगळे ३६९ मिळून ५० जीबीच्या वर. गूगल कोलॅबच्या फुकटच्या रॅममध्ये हे मावत नाही. स्लाइस फ्लोट १६ मध्ये साठवा: चार क्रमांची एक स्लाइस ४६० केबी होते. ट्रेनिंगच्या २५८ रुग्णांच्या प्रत्येकी १०० स्लाइस धरल्या तर सुमारे १२ जीबी होतात आणि कॅगलच्या २० जीबीच्या फोल्डरमध्ये बसतात. गाठ असलेल्या सगळ्या स्लाइस घ्या आणि साधारण तेवढ्याच किंवा निम्म्या बिनगाठीच्या. ही निवड फक्त ट्रेनिंगसाठी. व्हॅलिडेशन आणि टेस्टमध्ये पूर्ण १५५ स्लाइस चालवायच्या, नाहीतर निरोगी भागावर मॉडेल किती खोट्या गाठी रंगवतं ते कधीच दिसणार नाही.

नेटवर्क, लॉस आणि ट्रेनिंग

यू-नेट घ्या. २०१५ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये झालेली ही रचना अजूनही पहिला पर्याय आहे. आत चार चॅनेल, बाहेर चार वर्ग, आतल्या पायऱ्यांवर अनुक्रमे ३२, ६४, १२८, २५६, ५१२ चॅनेल. एकूण सुमारे ७८ लाख पॅरामीटर. २४० ला चार वेळा निम्मं केलं की १२०, ६०, ३०, १५ असं नीट जातं. पाचव्यांदा निम्मं केलंत तर १५ चे साडेसात होतात आणि वर येताना जोड जुळत नाही.

लॉस (मॉडेलची चूक मोजणारं सूत्र) का बदलावा लागतो ते आकड्यांतच बघा. समजा गाठ आणि सूज मिळून १०० घन सेंटिमीटर आहे, म्हणजे चांगलीच मोठी. ती झाली १ लाख व्हॉक्सेल. ८९ लाखांत हे प्रमाण जेमतेम १.१ टक्का. मॉडेलने डोळे मिटून 'काहीच नाही' म्हटलं तरी अचूकता ९८.९ टक्के! नुसत्या क्रॉस-एन्ट्रॉपीवर, म्हणजे व्हॉक्सेलगणिक चूक मोजणाऱ्या नेहमीच्या लॉसवर, सोडलेलं मॉडेल सुरुवातीला याच आळशी उत्तराकडे घसरतं. म्हणून डाइस लॉस (मॉडेलचा आणि तज्ज्ञाचा रंग किती जुळतो यावरून काढलेला; सूत्र पुढे 'मोजमाप'मध्ये) आणि क्रॉस-एन्ट्रॉपी यांची बेरीज वापरा. डाइस एकेका स्लाइसवर नाही, पूर्ण बॅचवर काढा. रिकाम्या स्लाइसवर तो भाजक शून्याला टेकल्यामुळे उड्या मारतो. मिक्स्ड प्रिसिजन (काही हिशोब फ्लोट १६ मध्ये करणं) चालू असेल तर लॉस फ्लोट ३२ मध्येच मोजा. भाजकात घातलेली ०.०००००००१ ही सुरक्षेची संख्या फ्लोट १६ मध्ये चक्क शून्य होते आणि मग स्क्रीनवर 'नॅन' (संख्या नाही) छापून येतं.

मोठं ट्रेनिंग लावण्याआधी फक्त दोन रुग्णांवर चालवून बघा. शंभरेक इपॉकमध्ये (एक इपॉक म्हणजे सगळ्या डेटावरची एक फेरी) त्याच दोघांवर डाइस ०.९ च्या वर गेलाच पाहिजे. गेला नाही तर कुठेतरी बग आहे: मास्क उलटा, लेबल चुकलं किंवा लर्निंग रेट भलताच. २५८ रुग्णांवर आठ तास घालवून तेच कळण्यापेक्षा हे बरं.

मग ॲडम हा ऑप्टिमायझर, लर्निंग रेट ०.००१ पासून हळूहळू कमी करत, बॅच १६, इपॉक ५० ते ६०. दहा इपॉक सुधारणा नसेल तर थांबवा. ४ जीबीच्या लॅपटॉप जीपीयूवर बॅच ४ वर आणावी लागते. तसं केलंत तर बॅच-नॉर्मलायझेशनऐवजी इन्स्टन्स-नॉर्मलायझेशन लावा, कारण चार नमुन्यांची सरासरी फार डळमळते. एप्रिल-मेमध्ये लॅपटॉप गादीवर ठेवून रात्रभर ट्रेनिंग लावू नका. तापलेला जीपीयू स्वतःचा वेग कमी करतो आणि आठ तासांचं काम सकाळपर्यंत संपत नाही. कॅगलवर आठवड्याला साधारण ३० तास जीपीयू फुकट मिळतो, बहुतेकांचं काम त्यात भागतं. प्रत्येक इपॉकनंतर चेकपॉइंट साठवा, आणि त्यात ऑप्टिमायझरची स्थितीही असू द्या. वीज जाते, सेशन तुटतं. नुसती वजनं साठवली असतील तर पुन्हा सुरू केल्यावर लॉस उसळी मारतो.

ऑगमेंटेशन (ट्रेनिंगच्या चित्रांत मुद्दाम केलेले छोटे बदल) बेताने करा. डावं-उजवं उलटणं चालतं, वर-खाली नाही. फिरवणं १० ते १५ अंशांपर्यंत, उजळपणा दहा टक्के कमी-जास्त. फिरवताना मास्कसाठी 'निअरेस्ट' इंटरपोलेशनच वापरायचं. लिनिअर राहिलं तर मूळ लेबल ४ आणि शेजारचा ० यांच्यामधल्या व्हॉक्सेलला २ हा आकडा मिळतो, म्हणजे उजळ गाठीच्या कडेला नसलेल्या सुजेची एक बारीक किनार तयार होते. मॉडेल ती इमानेइतबारे शिकतं.

मोजमाप

ब्रॅट्समध्ये निकाल तीन भागांत देतात: पूर्ण गाठ (१, २, ४ एकत्र), गाभा (१ आणि ४) आणि उजळणारा भाग (४). डाइस म्हणजे दोन्हींत सामाईक असलेल्याची दुप्पट भागिले दोन्हींची बेरीज. तज्ज्ञाने १००० व्हॉक्सेल रंगवले, मॉडेलने ९००, सामाईक ७६०. तर १५२० भागिले १९००, म्हणजे ०.८०. हाच निकाल आयओयूमध्ये (सामाईक भागिले दोघांनी मिळून रंगवलेला एकूण भाग) ०.६७ होतो, म्हणून कुठलं माप ते लिहायला विसरू नका.

डाइस रुग्णागणिक, पूर्ण घनावर काढायचा. स्लाइसची सरासरी घेऊन रिकाम्या स्लाइसला १ दिला की आकडा आपोआप फुगतो. लो ग्रेडच्या काही रुग्णांत उजळणारा भाग नसतोच. तिथे मॉडेलनेही काही रंगवलं नाही तर १, आणि एकच व्हॉक्सेल रंगवला तरी ०, असा संकेत आहे. त्यामुळे अगदी लहान ठिपके पुसून टाकायची पायरी लावतात. किती व्हॉक्सेलपर्यंत पुसायचं ते व्हॅलिडेशन गटावरून ठरवा. टेस्ट बघून ठरवलंत तर टेस्ट संपली.

तुमचा आकडा खरा वाटतो का, हे ताडायला एक खूण आहे. ब्रॅट्स २०२० च्या स्पर्धेत पहिला आलेला हायडेलबर्गच्या गटाचा एनएन-यूनेट पूर्ण गाठीवर ०.८९, गाभ्यावर ०.८५ आणि उजळणाऱ्या भागावर ०.८२ पर्यंत पोचला होता. तुमच्या साध्या द्विमितीय यू-नेटला ०.९७ मिळत असेल तर पेढे वाटण्याआधी वाटणीची सीएसव्ही उघडा.

आणि 'डिटेक्शन' हा शब्द जपून वापरा. ब्रॅट्समधल्या प्रत्येक रुग्णाला ट्यूमर आहेच. 'या माणसाला गाठ आहे की नाही' याचं उत्तर मॉडेल किती वेळा चुकवतं, ते इथे मोजताच येत नाही. त्यासाठी निरोगी माणसांचे तेच चार क्रम लागतात. आयएक्सआयसारख्या निरोगींच्या संचात फ्लेअरही नाही आणि कॉन्ट्रास्टही नाही. हे का महत्त्वाचं, ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. १००० तपासण्यांत २० ट्यूमर धरा. मॉडेल ९५ टक्के ट्यूमर पकडतं आणि निरोगींपैकी ९० टक्क्यांना बरोबर सोडतं. म्हणजे १९ खरे सापडले आणि ९८ निरोगी माणसांवर खोटा शिक्का बसला. मॉडेलने 'गाठ आहे' म्हटलेल्या सहांत जेमतेम एकाला खरी गाठ! प्रोजेक्टचं नाव 'ग्लायोमा सेगमेंटेशन' ठेवलं तर एक्सटर्नल परीक्षकाच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येतं.

नाशिकची सीडी आल्यावर

सेंटरकडून फिल्म मागू नका. खिडकीवर धरून मोबाइलने काढलेल्या फिल्मच्या फोटोत १६ बिटांची खोली गेलेली असते, एका कोपऱ्यात ट्यूबलाइटची रेघ उमटलेली असते आणि वर रुग्णाचं नाव स्पष्ट वाचता येतं. डायकॉम, म्हणजे स्कॅनरने दिलेल्या मूळ, फाइलच घ्या, आणि त्याही संस्थेच्या एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी हातात आल्यावरच. आरोग्यातल्या एआयसाठी आयसीएमआरची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. अर्ज लिहिण्याआधी ती वाचा.

नाव काढणं सेंटरच्याच कॉम्प्युटरवर व्हावं. नाव, रुग्णक्रमांक, जन्मतारीख आणि संस्थेचं नाव हे डायकॉमच्या शीर्षकात असतात. फाइलचं आणि फोल्डरचं नाव विसरलं जातं, तेही बदला. एवढं करूनही पूर्ण डोक्याच्या एमआरआयवरून चेहरा पुन्हा उभा करता येतो, म्हणून कवटी काढेपर्यंत फाइल बाहेर जाऊ देऊ नका.

त्यानंतरचा क्रम: डीसीएम-टू-निक्स या प्रोग्रामने निफ्टी या फाइल-प्रकारात रूपांतर, चारही क्रम कॉन्ट्रास्टच्या टी१ वर बसवणं, एसआरआय२४ या नमुना मेंदूच्या मापात आणून १ मिमी करणं, एचडी-बेट या प्रोग्रामने कवटी काढणं आणि मग वरचीच उजळपणाची पायरी. नेहमीच्या तपासणीत स्लाइस ५ मिमी जाड असते, मध्ये फटही असते. तिचे १ मिमीचे काप केले तरी नवी माहिती येत नाही, फक्त उभ्या दिशेने चित्र पुसट होतं. इथे डाइस घसरणारच. जाड स्लाइसवर काम करायचंय हे आधीच माहीत असेल तर ट्रेनिंगमध्येच काही रुग्णांचे घन उभ्या दिशेने ५ मिमीचे करून परत ताणा, मॉडेलला सवय होते. २०२३ पासून ब्रॅट्समध्ये आफ्रिकेतल्या रुग्णालयांचे स्कॅन आलेत. त्यांचा दर्जा बेताचा आहे आणि म्हणूनच ते बाहेरची चाचणी म्हणून उपयोगी पडतात.

सगळ्यात मोठी अडचण मात्र आजारांची आहे. ब्रॅट्स २०२० मध्ये फक्त ग्लायोमा आहे, आणि तोही ऑपरेशनआधीचा. आपल्याकडे फिट आली म्हणून एमआरआय केलेल्या माणसाच्या मेंदूत कॉन्ट्रास्टने कडीसारखी उजळणारी गोष्ट दिसली, तर ती क्षयाची गाठ असू शकते किंवा फीतकृमीच्या अंड्यांमुळे होणारा न्यूरोसिस्टिसर्कोसिस असू शकतो. दोन्हींवर औषधांचे उपचार आहेत. कडी, मधला काळसर गाभा, भोवतीची सूज, हे सगळं मॉडेलने ग्लायोमात पाहिलेलं आहे. ते ४, १ आणि २ अशी लेबलं पूर्ण आत्मविश्वासाने रंगवून देतं. 'हे मी कधी पाहिलेलं नाही' असा पाचवा वर्ग त्याच्याकडे नाही. ऑपरेशन झालेल्या रुग्णाच्या पोकळीचंही तेच.

म्हणून नाशिकच्या चाचणी-संचाची यादी रेडिओलॉजिस्टबरोबर बसून करा. त्यात ग्लायोमाबरोबर क्षयाच्या गाठी, सिस्टिसर्कोसिस, दुसऱ्या अवयवातून पसरलेला कॅन्सर, मेनिंजिओमा, ऑपरेशननंतरचे स्कॅन आणि पूर्ण निरोगी स्कॅन असू द्या. मास्क दोघांनी एकमेकांचं न बघता काढावेत आणि आधी त्या दोघांमधला डाइस मोजावा. दोन तज्ज्ञ जिथे ०.८५ वर थांबतात तिथे मॉडेलकडून ०.९५ मागण्यात अर्थ नसतो. रेडिओलॉजिस्टला आधी साधा स्कॅन दाखवून मत लिहून घ्या, मॉडेलचा रंग नंतर दाखवा. आधी रंग दिसला की नजर तिथेच अडकते. रंग चालू-बंद करायचं बटण द्या, आणि निकालाच्या पानावर वरच, मोठ्या अक्षरांत लिहा: 'हे मॉडेल फक्त ऑपरेशनआधीच्या ग्लायोमावर शिकलेलं आहे. निदानासाठी वापरू नये.'